जुळ्यांना विचारा, घराण्याला नको

घरात कुणाला ब्लड कॅन्सर निघाला की रिपोर्ट हातात पडून एक दिवस होत नाही तोवर घराण्याची उलटतपासणी सुरू होते. आजोबा कशाने गेले, ती थोरली आत्या लहानपणीच गेली तिला नक्की काय झालेलं, आणि पेशंट लहान मूल असेल तर मग बघायलाच नको, आईच्या माहेरच्या चार पिढ्या बाहेर काढतात. "तुमच्याकडे होतं का हो कुणाला?" असं अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत मान हलवून मोकळं व्हायचं. त्याच्या पाठोपाठ ग्रहण पाळलं होतं का, पपई खाल्ली होती का, मोबाईल पोटाजवळ घेऊन झोपायची का. मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, काउंटरवर बसावं लागतं तेव्हा हे सगळं कानावर पडतं, आणि त्या बाईचा चेहराही समोरच असतो.

आता प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ब्लड कॅन्सर आनुवंशिक असतो का हे डॉक्टरांनाही हवंच होतं, पण त्यांनी ते आत्याबाईंना न विचारता जुळ्यांना विचारलं. आणि जे उत्तर आलं ते इतकं वाकड्या वाटेने आलं की मला ती सगळी हकीकत कुठल्याही रहस्यकथेपेक्षा भारी वाटते, म्हणून लिहायला बसलेय.

जुळ्यांचं गणित वरवर सोपं आहे. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली ती एकबीज जुळी, दोघांची जनुकं सारखीच. दोन वेगळ्या बीजांपासून झालेली ती द्विबीज, ती म्हणजे फक्त एकाच वेळी जन्मलेली भावंडं, जनुकं सरासरी निम्मी सारखी. घर तेच, खाणंपिणं तेच. मग एखादा आजार एकबीज जोड्यांमध्ये दोघांनाही जास्त वेळा होत असेल आणि द्विबीज जोड्यांमध्ये कमी, तर तो फरक जनुकांचा. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने १८७५ सालीच जुळ्यांवरून निसर्ग की संगोपन हे ठरवता येईल असं मांडलं होतं, तेव्हापासून हे तर्कशास्त्र चालत आलंय.

आणि ल्युकेमियाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या ब्लड कॅन्सरच्या बाबतीत पहिली नजर टाकली तर सगळं आनुवंशिकतेकडेच बोट दाखवत होतं. जुळ्या भावंडांना दोघांनाही ल्युकेमिया झाल्याची जर्मनीतली नोंद १८८२ ची आहे. नंतर अशा जोड्या जमत गेल्या, १९६४ मध्ये अमेरिकेत मॅकमहॉन आणि लेव्ही यांनी जुळ्यांवरून लहान मुलांच्या ल्युकेमियाचा उगम जन्माआधीचा असावा असं लिहिलं. एकबीज जुळ्यांत एकाला वर्षाच्या आत ल्युकेमिया झाला तर दुसऱ्यालाही तो होणार हे जवळपास ठरलेलंच, बहुतेकदा काही महिन्यांतच. हे वाचून कुणीही म्हणेल, झालं की सिद्ध, रक्तातच आहे.

पण मग दोन गोष्टी जुळेनात. एक म्हणजे द्विबीज जुळ्यांत असं काही दिसतच नव्हतं, त्यांचा धोका साध्या भावंडांइतकाच. जनुकं निम्मी सारखी असतील तर काहीतरी तरी दिसायला हवं ना? दुसरं म्हणजे वय. तान्ह्या मुलांत जवळजवळ शंभर टक्के, पण आजार दोन ते सहा वर्षांच्या वयात झाला असेल तर दुसऱ्या जुळ्याला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक, आणि मोठेपणीच्या ल्युकेमियात तर फारच कमी. आईबापांकडून आलेलं जनुक वय बघून असं सोडून जात नाही.

१९७१ मध्ये क्लार्कसन आणि बॉइस या दोघांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी शक्यता मांडली. एकबीज जुळी फक्त जनुकं वाटून घेत नाहीत, त्यातली बरीचशी, म्हणजे साधारण तीनात दोन जोड्या, वारसुद्धा वाटून घेतात. वार म्हणजे डॉक्टर ज्याला प्लॅसेंटा म्हणतात ती. आणि एका वारेवर दोन बाळं असली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या जवळपास नेहमीच एकमेकींना जोडलेल्या असतात, याचं रक्त त्याच्यात, त्याचं याच्यात. मग समजा कॅन्सरची पहिली पेशी एकाच बाळात तयार झाली आणि तिची पिल्लावळ वारेतून दुसऱ्यात गेली तर? म्हणजे आजार दोघांना झाला पण वारशाने आलेला नाही, शेजारून आलेला. कल्पना सुंदर होती पण दाखवणार कसं? तेव्हा तशी साधनंच नव्हती.

ते दाखवलं लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९३ मध्ये. तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात बहुतेकदा अकराव्या गुणसूत्रावरचं एमएलएल नावाचं जनुक तुटतं आणि भलत्याच जनुकाला जाऊन चिकटतं. तुटण्याची जागा प्रत्येक पेशंटमध्ये वेगळी, कारण तो अपघात असतो. दोन भाकऱ्या मोडून बघा, कडा कधी तंतोतंत जुळणार नाहीत. ग्रीव्ह्ज यांच्या टीमने दोन्ही बाळांना ल्युकेमिया झालेल्या तीन जोड्या घेतल्या आणि प्रत्येक जोडीत दोघांच्या कॅन्सरपेशींमधली तुटीची कड अगदी एकच निघाली. तीन जोड्यांच्या तीन वेगवेगळ्या कडा, पण जोडीच्या आत एकच. आता कुणी म्हणेल की तुटलेलं जनुक आईबापांकडूनच आलं असेल, म्हणून सारखं. तर नाही, कारण तसं असतं तर शरीरातल्या सगळ्याच पेशींत ती तूट दिसली असती, आणि ती फक्त कॅन्सरच्या पेशींत होती. म्हणजे एकच भाकरी एकदाच मोडली, एका बाळात, पोटात असताना, आणि तिच्या पुढच्या पिढ्या दोघांत पसरल्या.

मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा थोडा वेळ तशीच बसून राहिले. जुळ्यांचा अभ्यास ज्यासाठी करतात, म्हणजे वारसा शोधायला, त्याच अभ्यासाने सांगितलं की बाबांनो हा वारसा नाहीये, जन्माआधी सुरू झालेला अपघात आहे. जन्मापासून असलेलं सगळं आईबापांकडूनच आलेलं असतं अशी आपली पक्की समजूत असते, तिला इथे भलंमोठं भोक पडतं.

मग पुढचा प्रश्न, हे जुळ्यांपुरतंच की एकेकट्या मुलांतही सुरुवात पोटातच होते? याचा पुरावा सापडला तो जुन्या कागदांत, आणि हा भाग मला लॅबवाली म्हणून फार आवडतो. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या सुमारास एक पद्धत काढली, नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि एका चयापचयाच्या आजारासाठी तपासायचे. अनेक देशांत हे सगळ्या बाळांचं करतात आणि काही ठिकाणी ते कागद नंतर वर्षानुवर्षं जपूनही ठेवतात. ग्रीव्ह्ज यांच्या गटाने ल्युकेमिया झालेल्या मुलांचे हे जन्माच्या वेळचे कागद मिळवले. वाळून तपकिरी झालेला, नखाएवढा डाग. त्यातून डीएनए काढून, त्या मुलाच्या कॅन्सरची जी खास तुटलेली कड, तीच त्या डागात शोधली. १९९७ मध्ये तान्ह्या मुलांच्या ल्युकेमियात सापडली आणि १९९९ मध्ये दोन ते पाच वर्षांत आजार झालेल्या बऱ्याच मुलांतही. मूल खेळतंय, वाढतंय, वाढदिवस होतायत, आणि ती पेशी पहिल्या दिवसापासून तिथे होती.

आता इथे थांबलो तर भयंकर निष्कर्ष निघेल, म्हणून पुढचं वाचाच. मुलांत सगळ्यात कॉमन असलेल्या ल्युकेमियात, म्हणजे एएलएलमध्ये, साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशंटमध्ये बारावं आणि एकविसावं गुणसूत्र तुटून टेल-एएमएल१ नावाची जोडणी झालेली असते. २००२ मध्ये याच गटाने साध्या निरोगी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर साधारण १ टक्का बाळांत ही जोडणी मिळाली. (नंतरच्या अभ्यासांत आकडा कमीजास्त आलाय, त्यावर वाद आहे, पण मुद्दा तोच राहतो.) म्हणजे जेवढ्या मुलांना हा ल्युकेमिया होतो त्याच्या शंभरएक पट मुलं ही जोडणी घेऊन जन्मतात आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना काहीही होत नाही. ही जोडणी म्हणजे पेशीवरचा पहिला घाव, आजार व्हायला नंतर दुसरा लागतो, तो जन्मानंतर, आणि तो पडला तर पडला.

हे दाखवायलाही जुळीच कामाला आली. एका एकबीज जोडीत एकाला पाचव्या वर्षी ल्युकेमिया झाला आणि दुसऱ्याला चौदाव्या, मधे नऊ वर्षं, आणि दोघांत टेल-एएमएल१ ची कड मात्र तीच. पहिला घाव एकत्र, दुसरा आपापला. पुढे अशा जोड्यांचे सगळे जीनोम, म्हणजे पेशीतला अख्खा डीएनए, वाचले तेव्हाही दोघांत सामाईक तो पहिला घावच, बाकीचे बदल ज्याचे त्याचे वेगळे. आणि २००८ मध्ये तर इंग्लंडमधल्या दोन छोट्या जुळ्या बहिणींचं रक्त तपासलं, एक आजारी, दुसरी ठणठणीत, आणि त्या ठणठणीत पोरीच्या रक्तातही ती जोडणी असलेल्या मोजक्या पेशी गुपचूप बसलेल्या सापडल्या. ते सायन्स साप्ताहिकात आलं तेव्हा त्यावर बऱ्याच बातम्या झाल्या होत्या.

दुसरा घाव कशाने पडतो यावर ग्रीव्ह्ज यांचं म्हणणं असं, की ज्या मुलांचा पहिल्या वर्षात साध्यासुध्या जंतूंशी फारसा संबंध आला नाही त्यांची प्रतिकारशक्ती नंतर एखाद्या साध्या इन्फेक्शनला भलताच प्रतिसाद देते आणि त्या गडबडीत आधीच्या तुटलेल्या पेशीला दुसरा दणका बसतो. २०१८ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं. मला ते पटतं, पण ते वाचून कुणी पोराला चिखलात लोळवायला जाऊ नका, आणि मुख्य म्हणजे 'एवढं स्वच्छ ठेवलंस म्हणून झालं' असं त्या आईला नव्याने ऐकवायला तर अजिबात जाऊ नका. आधी ग्रहण होतं, आता सॅनिटायझर, बाई तीच.

आमच्याकडे मागे एक जुळ्यांची केस आली होती. साडेतीन-चार वर्षांच्या दोन मुली, एकीला ताप हटत नव्हता आणि पायावर निळे डाग. सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, मशीनने गडबडीचा फ्लॅग टाकला म्हणून स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघितला. निरोगी मुलाच्या रक्ताची स्लाईड लेशमन स्टेनने रंगवून बघितली ना, की फिकट गुलाबी लाल पेशींची गर्दी असते, मधूनच एखादी पांढरी पेशी, प्रत्येक जरा वेगळ्या घडणीची, आणि मधल्या जागेत प्लेटलेटचे जांभळे कण. इथे प्लेटलेट शोधावे लागत होते. आणि पांढऱ्या पेशी म्हणजे ब्लास्टच ब्लास्ट, म्हणजे कच्च्या, पूर्ण न वाढलेल्या पेशी, अख्खी पेशी केंद्रकानेच भरलेली, कडेला निळसर रेघ जेमतेम, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. अशा वेळी आम्ही काही बोलत नाही, स्लाईड आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवतो आणि त्या सांगतील तेव्हा रिपोर्ट जातो.

तिसऱ्या दिवशी आजी दुसरीला घेऊन आल्या. सुनेला बसवून स्वतः काउंटरवर. म्हणाल्या, "हिचंही बघून टाका ताई. दोघी एका वारेच्या आहेत." मी विचारलं तुम्हाला कसं माहीत, तर म्हणाल्या, "डिलिव्हरीला मीच होते ना, नर्सबाईंनी सांगितलं, वार एकच पडली म्हणून." त्या बाईंना टेल आणि एमएलएल काही माहीत असायचं कारण नव्हतं, पण शंभर वर्षं डॉक्टर ज्याच्यावर अडले होते तो नेमका मुद्दा त्यांनी एका वाक्यात दिला. दुसरीचा सीबीसी नॉर्मल आला, स्मिअरही स्वच्छ. सून एकदम सैल झाली. पण मॅडमनी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की जुळी एकबीज आहेत, वार एक होती, हिला लक्षात ठेवा. कारण नॉर्मल स्मिअरमध्ये त्या मोजक्या पेशी दिसणारच नाहीत, त्या साध्या मायक्रोस्कोपच्या आवाक्यातल्या नव्हेत. आणि त्याच वेळी हेही खरं की अशा दहा बहिणींपैकी नऊजणींना या वयात काही होत नाही. ही दोन्ही वाक्यं एका दमात आईला कशी सांगायची हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं, बराच वेळ, आणि मधेच आजींकडे वळून हेही सांगितलं की यात सुनेच्या माहेरचं काही नाही बरं का, आणि तुमच्या मुलाकडचंही नाही. आजी म्हणाल्या, "मग कुणाकडचं?" मॅडम म्हणाल्या, "कुणाकडचंच नाही." हे उत्तर लोकांना सगळ्यात जड जातं असं मी बघितलंय, कुणाकडचं तरी असलं म्हणजे बरं वाटतं.

हे झालं लहान मुलांचं. मोठ्यांचं काय? इथे काम आलं ते उत्तर युरोपातल्या देशांचं. डेन्मार्कची जुळ्यांची नोंदवही १९५४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात १८७० पासून जन्मलेली जुळी आहेत. तिकडे प्रत्येक माणसाला एक नंबर आणि कॅन्सरच्या नोंदी देशभराच्या, त्यामुळे जोडून बघता येतं. आपल्याकडेही मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची आणि बार्शीची, देशातली पहिली ग्रामीण, १९८७ पासूनची, म्हणजे आपण अगदीच मागे नाही, पण जुळ्यांशी सांगड घालायची तर जन्मापासूनचा धागा लागतो. तर त्या नॉर्डिक जुळ्यांवर रक्ताच्या कॅन्सरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. ३,१६,३९७ माणसं, साधारण एकेचाळीसएक वर्षं पाठपुरावा, त्यात रक्ताचे कॅन्सर ३,४५९. साध्या माणसाला आयुष्यात कधीतरी ब्लड कॅन्सर व्हायची शक्यता २.५ टक्के. द्विबीज जुळ्याला झाला असेल तर ४.५, एकबीज जुळ्याला झाला असेल तर ७.६.

हा शेवटचा आकडा जरा उलटा करून वाचा. तुमच्या रक्तामांसाची हुबेहूब प्रत असलेल्या माणसाला ब्लड कॅन्सर झाला, तरी शंभरातल्या ब्याण्णव जणांना तो होत नाही. मग चुलत आजोबांना झाला होता म्हणून रात्रभर जागणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं. आनुवंशिकतेचा वाटा त्यांनी २४ टक्के काढलाय, आणि याचा अर्थ शंभरातल्या चोवीस जणांना घराण्यामुळे होतो असा नाही, माणसामाणसाच्या धोक्यात जो फरक असतो त्याचा साधारण चौथा हिस्सा जनुकांच्या फरकावर टाकता येतो एवढाच. तोही वयाप्रमाणे उतरतो, चाळिशीपर्यंत ५५ टक्क्यांच्या आसपास आणि पंचावन्ननंतर वीस-पंचवीसवर.

आणि मला इथे एक शंका आहे. हे गणित एकबीज आणि द्विबीज यांच्यातल्या फरकावर चालतं. पण वार तर एकबीजच वाटून घेतात, द्विबीज नाही. म्हणजे वारेतून शेजारच्या बाळात गेलेली पेशी या हिशेबात जनुकांच्या खात्यावर जमा होते! तरुण वयातला तो मोठा आकडा बघताना हे डोक्यात ठेवायला हवं. नुसती शंका म्हणावी तर २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी एक जोडी छापली, मायलोफायब्रोसिस नावाचा रक्ताचा कॅन्सर दोन्ही जुळ्यांना, एकाला ३७ व्या आणि एकाला ३८ व्या वर्षी, आणि मूळ बदललेली पेशी एकच, पोटात असताना एकातून दुसऱ्यात गेलेली. सदतीस वर्षं!

खरंच घराण्यातून उतरणारे काही प्रकार आहेत, ते नाकारून चालणार नाही. रन्क्स१, गाटा२, डीडीएक्स४१ अशा जनुकांमधले दोष पिढ्यांमधून येतात, आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया काही कुटुंबांत एकापेक्षा जास्त जणांना दिसतो. घरात जवळच्या दोघातिघांना झाला असेल, प्लेटलेट पिढ्यानपिढ्या कमी असतील, तर जेनेटिक काउन्सेलरला नक्की भेटा. पण ही मंडळी थोडी. काउंटरवर येणाऱ्या बहुतेकांचं तसं नसतं.

एक गंमत राहिली. जुळा भाऊ असला की लोक म्हणतात, बरंय, बोन मॅरो तयारच आहे. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५९ मध्ये ल्युकेमियाच्या दोन पेशंटना त्यांच्या एकबीज जुळ्यांचीच मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गर, दिली होती, शरीराने ती नीट स्वीकारली, पण काही महिन्यांत आजार परत आला. पुढे कळलं की एकबीज जुळ्याची मॅरो घेतलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण साध्या भावाबहिणीची मॅरो घेतलेल्यांपेक्षा जास्त असतं. दात्याच्या पेशी थोड्या परक्या असल्या की त्या उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींना ओळखून मारतात, हुबेहूब असल्या की कोण कुणाला मारणार. शिवाय लहान मुलांत त्या गुपचूप बसलेल्या पेशी मॅरोबरोबर परत यायची भीती वेगळीच. आपल्याकडे १९८३ मध्ये टाटा हॉस्पिटलला डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, नऊ वर्षांची मुलगी, मॅरो तिच्या भावाची. साधा भाऊ.

तर आमच्या लॅबच्या फॉर्मवर 'फॅमिली हिस्टरी' असा एक मोठा रकाना आहे, तो भरताना नातेवाईकांना फार उत्साह येतो. जुळ्यांसाठी काहीच नाही. डिस्चार्ज कार्डवर बऱ्याचदा नुसतं ट्विन वन, ट्विन टू एवढंच असतं, खरं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार एक की दोन हे दिसतं आणि रिपोर्टात लिहिलेलंही असतं, पण बारसं झालं की ती फाईल कुठे जाते देव जाणे. ज्यांच्या घरी जुळी आहेत त्यांनी ती शोधून ठेवा. मी आता जुळं मूल आलं की त्या मोठ्या रकान्याच्या कडेला पेनने लिहून घेते, वार एक का दोन. मॅडमनी अजून तरी हरकत घेतलेली नाही.